खिडकीतून डोंगर दिसत नाही

"आज किती?" व्हर्नाने विचारलं.

ऑल्डन खिडकीशी उभा राहून बोटाने हवेत मोजत होता. मोजताना त्याचे ओठ हलत होते. "चव्वेचाळीस."

"काल शेहेचाळीस होते."

"रोज दोन जातात. गाई आहेत त्या, व्हर्ना, उपास करत नाहीत."

व्हर्ना कोल्बीने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मार्चची पंचवीस तारीख होती. गावचे तीन पंच परवा घर बघायला यायचे होते आणि खिडकीबाहेरची भिंत रोज दोन गठ्ठ्यांनी कमी होत होती.

ही भिंत म्हणजे शेजारच्या लुसियन गॅन्योचं गवत. पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळलेले, माणसाच्या छातीला लागतील एवढे गोल गठ्ठे. एरवी तो ते गोठ्यामागे रचायचा. यंदा गोठ्यामागे पाणी साचलं म्हणून त्याने शेताच्या वरच्या कडेला रचले, दोन रांगा आणि तीन थर, आणि ती कड नेमकी कोल्बींच्या स्वयंपाकघरासमोर येत होती. ऑक्टोबरात त्यावरून व्हर्नाने त्याच्याशी तीन आठवडे अबोला धरला होता. कारण तिची खिडकी साधीसुधी नव्हती. शाळेच्या खानावळीत सव्वीस वर्षं पोरांना वाढून ती निवृत्त झाली, तेव्हा हातात आलेल्या पैशांतून तिने भिंत फोडून ही भलीमोठी काच बसवून घेतली होती. समोर हॅचेट डोंगर दिसतो, एवढ्यासाठी. ज्या गठ्ठ्यांनी तो डोंगर झाकला त्यांना तिने ऑक्टोबरात नाही नाही ते बोलून घेतलं होतं, आणि आता त्याच गठ्ठ्यांवर ती पोटच्या पोरासारखा जीव टाकत होती.

त्याचं असं झालं. गेल्या उन्हाळ्यात गावाने सगळ्या घरांच्या किमती नव्याने ठरवायचं काम बाहेरच्या एका कंपनीला दिलं. कंपनीचा माणूस कोल्बींकडे आला, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला आणि समोर बघून म्हणाला, "वा." एवढ्या एका शब्दावर व्हर्ना विरघळली. तिने त्याला चार डोनट खायला घातले, हॅचेटचा सुळका ऑक्टोबरात सकाळी किती वाजता गुलाबी होतो ते सांगितलं, आणि वर थोडं पुढे सरकून बसायला लावलं, म्हणजे डावीकडचा कडाही दिसावा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि लिहूनही घेतलं. नोव्हेंबरात घराच्या नोंदीचं कार्ड आलं. घर: जुने, साधारण. छप्पर: बरे. दृश्य (स्वयंपाकघरातील टेबलापासून): अतिउत्तम. त्या 'अतिउत्तम'पायी घराचा कर जवळजवळ दीडपट झाला होता. न्यू हॅम्पशायरात डोंगर कोणाच्या का मालकीचा असेना, तो ज्याच्या खिडकीतून दिसतो त्याने त्याचा कर भरायचा.

"चार डोनट," व्हर्ना पुढचा आठवडाभर उठता बसता म्हणत होती. "मी स्वतःच्या हाताने त्याला चार डोनट वाढले."

दोघांच्या निवृत्तिवेतनात हा कर बसत नव्हता. कॉफी सोडली, टीव्हीची केबल बंद केली, तरी बसत नव्हता. मग एकच वाट उरत होती. घर विकायचं आणि फ्लोरिडाला लेकीकडे जायचं. जॉयस बिचारी मनापासून बोलावत होती. तिच्या गॅरेजवर एक खोली रिकामी होती आणि त्या खोलीच्या खिडकीतून शेजाऱ्याचं गॅरेज दिसायचं.

कर कमी करून मागायचा तर एक मार्चच्या आत पंचांकडे अर्ज द्यावा लागतो. तो ऑल्डनने फेब्रुवारीत भरला. ऑल्डनने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती, माणूस सरळ, पण शेतीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. अर्ज पुढ्यात घेऊन तो टेबलाशी बसला, मान वर करून बघितलं, तर समोर गठ्ठे, गठ्ठ्यांवर बर्फ आणि बर्फावर आकाश. त्याने ठळक अक्षरांत लिहिलं, 'खिडकीतून डोंगर दिसत नाही.' खाली छापलेलं होतं की वरील मजकूर खरा आहे, खोटा आढळल्यास आम्ही शिक्षेस पात्र राहू. दोघांनी सह्या केल्या. त्या क्षणी ते अक्षरशः खरं होतं. गवत हे खाण्यासाठी असतं, एवढी एकच गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती.

"रस्त्याचं लिहायला हवं होतं," व्हर्ना आता म्हणाली.

"तूच नको म्हणालीस."

ते खरं होतं. त्यांच्या टेकडीवर येणारा रस्ता मातीचा. बर्फ वितळायला लागला की पाच आठवडे त्याची नुसती खीर व्हायची. त्यावर खडी टाका म्हणून व्हर्नाने पंचांना दर वर्षी एक असे एकोणीस अर्ज केले होते. एकोणीस वेळा डोरीन बॅचेल्डरच्या वळणदार अक्षरात उत्तर आलं होतं, 'रस्ता समाधानकारक आहे.' डोरीन तीन पंचांतली एक, बियाण्यांचं दुकान चालवणारी, आणि तिने एकदा कागदावर लिहिलं की ते पुसायला देव खाली आला तरी ती खोडरबर देणार नाही. गावाच्या दप्तरात रस्ता एकोणीस वेळा समाधानकारक ठरलेला. तिथे तोंड उघडून उपयोग नव्हता.

फोन वाजला. डोरीनच होती.

"व्हर्ना, परवाचं जमत नाही. तुमच्या टेकडीवर म्हणे टपालाची गाडी फसली."

"अगं, पण रस्ता तर समाधानकारक आहे."

"पुढच्या मंगळवारी येतो," डोरीन म्हणाली आणि फोन ठेवला.

व्हर्नाने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्यासारखं केलं. आठवडा म्हणजे चौदा गठ्ठे. ती बूट घालून तशीच चिखल तुडवत लुसियनच्या गोठ्यावर गेली. लुसियन एकटा राहायचा, गाईंशी फ्रेंचमध्ये बोलायचा आणि माणसांशी शक्यतो बोलायचाच नाही.

"लुसियन, थोडे दिवस गाईंना दुसरं काही घालता येईल का?"

"दुसरं काय?"

"ते मला काय माहीत. तू गाईंवाला."

त्याने तिच्याकडे बघितलं. "ऑक्टोबरात उचल म्हणालीस. आता उचलू नको म्हणतेस."

व्हर्नाने खरं ते सांगून टाकलं, फ्लोरिडासकट. तो ऐकत राहिला, हातातलं फावडं ठेवलं नाही. मग म्हणाला, "मागची रांग आधी काढतो. पुढची शेवटी. पण चाळीस गाई आहेत माझ्या, व्हर्ना. त्यांना फ्लोरिडा कळत नाही."

तेवढंही पुष्कळ होतं. तिने त्याला मेपलच्या झाडाच्या रसापासून केलेल्या पाकाची बरणी देऊ केली. त्याने दोन घेतल्या.

पुढच्या मंगळवारी पाऊस पडला, रस्ता वाहून गेल्यासारखा झाला आणि पंच पुन्हा आले नाहीत. मागची रांग संपली. पुढच्या रांगेचा वरचा थर निघायला लागला. व्हर्ना पहाटे उठून आधी खिडकीशी जायची आणि मग चूल पेटवायची. डोंगर रोज थोडा थोडा वर येत होता. एरवी तो दिसला की तिचं मन भरून यायचं. आता तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं. एका सकाळी सुळक्यावर पहिलं ऊन पडलेलं दिसलं आणि ती चक्क म्हणाली, "मेल्या, जरा खाली बस ना."

शेवटी डोरीनचा फोन आला. "नऊ तारखेला सकाळी सातला येतो. रात्री चिखल गोठतो, तेवढ्या कडकपणावर वर चढायचं. नऊच्या आत आम्हाला सोड म्हणजे झालं. ऊन लागलं की आम्ही तुझ्याकडेच मुक्कामाला."

आठ तारखेच्या संध्याकाळी चौदा गठ्ठे उरले होते. सात खाली, सात वर. दोघांनी चाचणी घेतली. व्हर्ना टेबलाच्या प्रत्येक खुर्चीवर बसून आली. प्लास्टिक, प्लास्टिक, प्लास्टिक. मग ती उभी राहिली आणि समोर हॅचेट अख्खा, डावीकडच्या कड्यासकट.

"बसलं की गवत, उठलं की डोंगर," ती म्हणाली. "कुणालाही उठू द्यायचं नाही."

"पडदा ओढू या का?"

"आणि काय सांगशील? पडद्यामुळे डोंगर दिसत नाही? लहान मूल तरी फसेल का?"

"पण ते दारातून आत येतील ते उभेच ना," ऑल्डन म्हणाला. "रांगत तर येणार नाहीत."

व्हर्नाची नजर शेगडीवर गेली. मेपलचा पाक उकळायला ठेवला की त्या काचेला नेहमी घाम सुटायचा. दर वसंतात ती त्यावरून चिडायची. तिने मोठं पातेलं काढलं.

नऊ तारखेची सकाळ इतकी स्वच्छ उगवली की ऑल्डनने कपाळाला हात लावला. चार दिवस सकाळी धुकं पडत होतं, आज आकाशात नावाला ढग नव्हता. पण सातच्या आत पाक रटरटत होता, काच वरपासून खालपर्यंत पांढरी झाली होती आणि टेबलावर डोनट, आंबट काकड्यांची बरणी आणि लुसियनच्या गोठ्याच्या सावलीतून आणलेल्या बर्फाच्या चार थाळ्या मांडलेल्या होत्या. बर्फावर गरम पाक ओतायचा, तो चिवट झाला की काट्याला गुंडाळून खायचा, गोड मिट्ट झालं की आंबट काकडीचा तुकडा, आणि तोंड स्वच्छ झालं की पुन्हा पाक. त्या भागात मार्च-एप्रिलमध्ये याला कुणी नाही म्हटलेलं व्हर्नाने पाहिलं नव्हतं.

ट्रक धडधडत वर आला. आधी डोरीन आत आली, काखेत फाईल. तिच्यामागे पंचांतला सगळ्यात वडीलधारा, ऐंशीच्या घरातला मर्ल हॉइट. शेवटी कर्टिस विगिन, वाकून, कारण तो साडेसहा फूट होता.

"बसा, बसा," व्हर्ना म्हणाली. "पाक थंड होईल."

मर्ल बसलासुद्धा. त्याला दोनदा सांगावं लागत नसे. डोरीनने पांढऱ्या काचेकडे बघत खुर्ची ओढली. कर्टिस मात्र दाराशी उभा राहिला.

"तू पण बस ना रे."

"नको, मिसेस कोल्बी. पाठ धरलीय. बसलं की कळ येते. मी उभाच बरा."

व्हर्नाने ऑल्डनकडे बघितलं. ऑल्डनच्या तोंडचं पाणी पळालं होतं. डोरीनने फाईल उघडली. "कार्डावर लिहिलंय टेबलापासून दृश्य. तेव्हा टेबलापासूनच बघू. ऑल्डन, जरा काच पूस."

ऑल्डनने फडकं घेतलं आणि काच पुसली. पुसली ती बसलेल्या माणसाच्या नजरेपुरती, आडवी, एका सरळ पट्ट्यात.

"वरची?"

"वर हात जात नाही गं. खांदा आखडलाय."

डोरीनने पट्ट्यातून बाहेर बघितलं. प्लास्टिक. थोडी सरकून बघितलं. प्लास्टिक. मर्लने तोंडातला घास न संपवता बघितलं आणि मान हलवली. पण व्हर्नाचं लक्ष त्या दोघांकडे नव्हतंच. पाकाचं पातेलं तिने वाढण्यासाठी उतरवलं होतं, वाफ कमी झाली होती आणि काचेचा वरचा घाम मधोमध विरायला लागला होता. नेमका कर्टिसच्या डोळ्यांच्या उंचीवर. आधी रुपयाएवढी जागा मोकळी झाली, मग बशीएवढी. कर्टिस अजून डोनटकडे बघत होता.

"कर्टिस," ऑल्डन एकदम म्हणाला, "पाठीला बसण्यापेक्षा वाईट काय माहीत आहे? उभं राहणं. बस चालवून चालवून माझ्या पाठीचं वाटोळं झालं होतं. डॉक्टरने सांगितलं, सरळ जमिनीवर आडवं व्हायचं."

"इथे?"

"आम्ही काय परके आहोत का?" व्हर्ना म्हणाली, आणि तिने त्याच्या खांद्यावर असा काही हात ठेवला की शाळेच्या खानावळीत रांग मोडणाऱ्या पोरांना तो आठवावा. कर्टिस मुकाट्याने गुडघ्यावर आला आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर लांबलचक पसरला. तिने त्याच्या डोक्याखाली उशी दिली आणि छातीवर बशी ठेवली.

"बरं वाटतंय खरं," तो छताकडे बघत म्हणाला.

"तुला काय दिसतं?" डोरीनने त्याला विचारलं.

"दिवा."

डोरीनने लिहिलं. व्हर्ना मागून वाचत होती. 'दृश्यास अडथळा आहे. तिघांनी खात्री केली.' तिने ऑल्डनकडे बघितलं, ऑल्डनने डोळे मिटून घेतले होते. साडेसात वाजले होते आणि काम झालं होतं. फ्लोरिडा टळलं होतं.

आता फक्त यांना बाहेर काढायचं होतं, आणि इथेच घोडं अडलं. कारण मर्ल काकडीवर आला होता.

"आणखी थोडा पाक?" त्याने विचारलं.

"तुम्हाला उशीर होईल," व्हर्ना म्हणाली.

"छे, आत्ताशी साडेसात."

पाक उकळावा तर मर्ल हलत नाही, न उकळावा तर काच स्वच्छ होते. व्हर्नाने पातेलं पुन्हा चढवलं. मर्लने गोड खाल्लं, मग आंबट, मग गोड. डोरीनही एका घासाचं म्हणून सुरू झाली आणि थाळी संपवून बसली. फरशीवरून कर्टिसचा हात मधूनमधून वर येत होता आणि ऑल्डन त्यात डोनट ठेवत होता. आठ वाजले. सव्वाआठ. व्हर्नाने घड्याळाकडे दोनदा सगळ्यांना दिसेल असं बघितलं, बर्फ संपल्याचं सांगितलं. ऑल्डन, सवयीचा गुलाम, उठला आणि आणखी बर्फ घेऊन आला. ती त्याच्याकडे अशा नजरेने बघत राहिली की त्याने थाळी हळूच खाली ठेवली.

नऊ वाजून वीस मिनिटांनी डोरीन ताडकन म्हणाली, "अरे देवा, ऊन." तिघं धडपडत दाराकडे पळाले. वरची काच तेव्हा पुन्हा छान पांढरी होती. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. दार लागलं आणि व्हर्ना टेबलाशी मटकन बसली.

"गेले," ती म्हणाली.

बाहेर ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. मग चाकं गरगरल्याचा. मग जास्त गरगरल्याचा. मग एकदम काहीच नाही.

ट्रक निम्म्या चाकांपर्यंत रुतला होता. ढकलायला उतरलेली डोरीन गुडघाभर चिखलात गेली आणि वर आली तेव्हा तिच्या एका पायात बूट नव्हता. कर्टिसने कोपरापर्यंत हात घालून शोधला, बूट काही लागला नाही. तिघं परत स्वयंपाकघरात आले, आणि व्हर्नाने प्रसंगावधान राखून त्यांना खिडकीखालच्याच बाकावर बसवलं, पाठ काचेकडे करून. कर्टिस आपण होऊन फरशीवर आडवा झाला. डोरीनचा एक मोजा चुलीशी वाळत पडला.

ऑल्डनने लुसियनला फोन लावला. "ट्रॅक्टर घेऊन ये बाबा, पंच फसलेत."

"गाईंना घालून येतो," लुसियन म्हणाला.

ऑल्डनने फोन ठेवला आणि त्या वाक्याचा अर्थ दोघांच्या एकाच वेळी लक्षात आला. गाईंना घालायचं म्हणजे कुठून? व्हर्नाने शेगडीकडे बघितलं. पाक संपला होता, पातेलं कोरडं पडलं होतं. दार सारखं उघडत मिटत असल्याने काच लख्ख झाली होती. तिने नुसतं पाणी उकळायला ठेवलं. घाईत निम्मं पाणी शेगडीवर सांडलं.

खालून ट्रॅक्टरचा आवाज जवळ आला, अगदी घराखाली. बाकावरची दोघं सहज मागे वळून बघायला लागली. कर्टिस कोपरावर उठला. लुसियनने ट्रॅक्टरच्या पुढचा लोखंडी सुळा वरच्या थरातल्या मधल्या गठ्ठ्यात खुपसला, उचलला आणि बाजूला ठेवला. मग त्याच्या खालचा. दात पडल्यासारखी मोकळी जागा झाली आणि त्या जागेत, बर्फाने झगझगणारा, निळ्या आभाळाला टेकलेला, हॅचेट डोंगर उभा होता.

शेगडीवरचं पाणी आता कुठे सुं सुं करायला लागलं होतं. डोरीनने फाईल मांडीवर घेतली, पण उघडली नाही. मर्लने काकडी चावायची थांबवली. व्हर्नाला वाटलं, आता ते सही केलेला अर्ज काढतील, तो छापलेला मजकूर वाचतील, आणि गावभर होईल की कोल्बींनी खोटं लिहून दिलं. फ्लोरिडा परवडलं.

कर्टिस हळूहळू उठला, खिडकीशी आला आणि साडेसहा फुटांवरून बघत राहिला.

"मिस्टर कोल्बी," तो म्हणाला, "तुम्ही बस खाली रस्त्याच्या वळणावर थांबवायचात."

ऑल्डनचे कान लाल झाले.

"रोज सकाळी. आठ अंक मोजेपर्यंत. म्हणायचात, बघून घ्या पोरांनो, हे शाळेत शिकवत नाहीत. बारा वर्षं मी त्या बसमध्ये होतो. डोरीन, तुझी लेक ॲलिसही होती."

"ती अजून सांगते," डोरीन म्हणाली. "म्हणून तर पोरं रोज शाळेत उशिरा पोचायची."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," व्हर्ना म्हणाली.

"गावात कुणाला ठाऊक नाही, व्हर्ना? पण अर्ज आला की कागदावर जे दिसतं तेच बघावं लागतं. कागद म्हणाला टेबलापासून. टेबलापासून गवत दिसलं. मी गवत लिहिलं."

व्हर्नाने पाण्याखालचा जाळ बंद केला. "दिसतो," ती म्हणाली. "सही केली तेव्हा दिसत नव्हता, पण दिसतो. याच्यासाठीच खिडकी घेतली मी. सव्वीस वर्षं मी तुमच्या पोरांना वाढलं, तेव्हा माझ्यासमोर शाळेच्या स्वयंपाकघराची भिंत होती. मला इथून जायचं नाही, एवढंच आहे. पण याच्याकडे बघून हा नाही म्हणायचं, ते काही आता मला जमत नाही. अर्ज मागे घेते मी. आण तो कागद इकडे."

डोरीनने कागद दिला नाही. "ते नंतर बघू," ती म्हणाली. "आधी ट्रक."

ट्रक निघायला पावणेतीन तास लागले. दोर एकदा तुटला, ट्रॅक्टर स्वतः एकदा रुतला, मर्ल लाकडाच्या फळीवर उभा राहून सगळ्यांना चुकीच्या सूचना देत राहिला आणि लुसियन पहिल्यांदाच माणसांशी सलग दोन वाक्यं बोलला. ती इथे लिहिण्याजोगी नव्हती. बारानंतर पंच गेले, डोरीन ऑल्डनचा एक जुना बूट घालून.

मग अडीच महिने काहीच कळलं नाही. जॉयसने फ्लोरिडातल्या खोलीचे फोटो पाठवले. व्हर्ना ते बघायची नाही. गठ्ठे संपले, गवत उगवलं, रस्ता वाळला, आणि मे महिन्याच्या शेवटी वाळलेल्या रस्त्यातून डोरीनच्या बुटाचं टोक वर आलं. व्हर्नाने तो खणून काढला, धुतला आणि दाराशी ठेवला. परत नेऊन द्यायचा तिला धीर होत नव्हता. डोरीनचं तोंड बघितलं की निकाल कळेल, आणि तो तिला कळून घ्यायचा नव्हता.

जूनच्या एकवीस तारखेला टपाल आलं. पाकिटावर तेच वळणदार अक्षर.

"तू वाच," व्हर्ना म्हणाली. ऑल्डनने चष्मा लावला.

"'दृश्य: अतिउत्तम. यात बदल नाही.'"

व्हर्नाने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"थांब, पुढे आहे. 'रस्ता: वर्षातून पाच आठवडे वापरण्याजोगा नाही. पंचांनी समक्ष व सविस्तर खात्री केली आहे. हे घर डोंगराच्या जवळ असले तरी इतर सर्व गोष्टींपासून दूर असल्याने त्याची किंमत कमी करण्यात येत आहे.'" त्याने खालचा आकडा वाचला. मग पुन्हा वाचला. कर जवळजवळ पहिल्याएवढाच झाला होता.

व्हर्ना रडली. ॲप्रनने डोळे पुसले, ऑल्डनच्या टकलावर एक मुका घेतला, खिडकीकडे गेली आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा डोंगराकडे नीट बघितलं. तो हिरवागार झाला होता.

"आणखी एक पान आहे," ऑल्डन म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

"वाच की."

"'सौ. कोल्बी यांनी एकोणीस वर्षांत केलेल्या एकोणीस अर्जांचा पंचांनी सहानुभूतीने पुनर्विचार केला आहे. सदर रस्त्यावर येत्या शरद ऋतूत खडी टाकून तो पक्का करण्याचा विचार आहे. काम पूर्ण झाल्यावर घराची किंमत नव्याने ठरवली जाईल. हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावे.'"

बाहेर लुसियनचा ट्रॅक्टर कापलेलं गवत गोळा करत होता. या खेपेला गठ्ठे कुठे रचू, हे विचारायला तो काल येऊन गेला होता.

व्हर्नाने कपाट उघडून कोरा कागद आणि पेन काढलं. टेबलाशी बसून तिने आपला विसावा अर्ज लिहिला. फार वेळ लागला नाही, एकच ओळ होती आणि ती तिला एकोणीस वर्षांपासून पाठ होती. खाली दोघांनी सह्या केल्या. मग तिने कागदाची घडी करून दाराशी ठेवलेल्या डोरीनच्या बुटात घातली आणि बूट ऑल्डनच्या हातात दिला.

"पंचांच्या कचेरीत देऊन ये," ती म्हणाली. "आणि पावती घे."

ऑल्डनने गाडी काढली. वाटेत, वळणावर, त्याने सवयीने ती थांबवली, हॅचेटकडे बघत आठ अंक मोजले, आणि मग न राहवून बुटातला कागद काढून एकदा वाचला. व्हर्नाने शक्य तितक्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'रस्ता समाधानकारक आहे.'